मूठ आवळा

सकाळी सात वाजता पॅथॉलॉजी लॅबच्या बाकावर बसलेला माणूस जितका निमूट असतो, तितका तो देवळातही नसतो. पोटात रात्रीपासून अन्नाचा कण नाही, आणि त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे चहा नाही. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, तिच्यावर सीबीसी, फास्टिंग, लिपिड, क्रिएटिनिन अशी भयसूचक अक्षरं. समोरच्या भिंतीवर 'फुल बॉडी चेकअप'चा फलक, आणि त्यात एक चौकोनी कुटुंब कारण नसताना हसतंय. दर थोड्या वेळाने कुणीतरी काउंटरपाशी जाऊन विचारतं, "कोरा चहा चालेल का हो? बिनसाखरेचा?" काउंटरवरची मुलगी मान वर न करता सांगते, "फक्त पाणी, काका."

ते फक्त पाणी मात्र कुणीच पीत नाही. उपास करायचा तर निर्जळीच, अर्धवट कशाला, हा बाणा आपल्यात एकादशीपासून भिनलेला. वास्तविक रक्ताचा निम्म्याहून थोडा जास्त भाग म्हणजे प्लाझ्मा नावाचा पिवळसर द्रव, आणि त्यातलं नव्वद टक्के निव्वळ पाणी. रात्रभर घोटभरही पाणी न पिता आलेल्या माणसाच्या शिरा आक्रसून आत दडून बसतात, आणि सुई घेऊन उभ्या असलेल्या पोरीला त्या हुडकत बसावं लागतं. हाच माणूस मग घरी जाऊन सांगतो, "नवशिकी होती. तीनदा टोचलं."

हे सगळं मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण माझी भाची मिरजेला डीएमएलटी करते. मिरज हे दोन गोष्टींचं गाव, तंतुवाद्यांचं आणि दवाखान्यांचं. आमच्या घराण्यात गळा कुणालाच नसल्यामुळे पहिल्याशी आमचा संबंध आला नाही. दुसऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या येतो आहे. भाचीला आधी रबरी हातावर सराव करायला लावला. रबरी हात ओरडत नाही, ऐन वेळी मागे सरकत नाही, 'तुझं शिक्षण किती झालंय गं?' असंही विचारत नाही. त्यामुळे त्याच्यावर सगळेच पास होतात. पुढे खऱ्या माणसांच्या शिरा ओळखायचा सराव हवा, आणि माणसांचा आमच्याकडे तुटवडा नाही.

सांगलीत चुलत बहिणीच्या मुलाचं लग्न होतं. बाकी सगळे मानपानाच्या गडबडीत, आणि ही मात्र जो भेटेल त्याची कोपराची खळगी बघत हिंडत होती. "काका, काय व्हेन आहे तुमची!" असं ती एका दूरच्या काकांना म्हणाली. त्यांच्या कुठल्याही अवयवाचं कौतुक कुणी केल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. ते पंगतीत बाह्या दुमडूनच बसले. शेजारी बसलेल्या आत्याआजींचा गोबरा हात तिने बराच वेळ चाचपला आणि "आजी, तुमची खूप आत आहे," असं इतक्या गंभीरपणे सांगितलं की त्यांनी आलेली जिलबी परत केली.

त्या रात्री माझी पाळी आली. कार्यालयातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत मला बसवून तिने दंडाला रबरी पट्टा बांधला, कोपराच्या चार बोटं वर. मी हात निरखून बघायला लागलो, तर म्हणाली, "मामा, बघू नकोस. बघून काही कळत नाही." मग तिने तर्जनी खळगीत टेकवली. अंगठा नाही. अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात, ते आपल्याला समोरच्याचे वाटतात. बोट हलकेच दाबायचं, उचलायचं, एक रेसभर सरकायचं, पुन्हा दाबायचं. कंडरा लागली तर ती कडक, दाबली तरी दबत नाही. धमनी लागली तर ती बोटाखाली उडते. आणि शीर असेल तर अर्धवट हवा भरलेल्या लांबट फुग्यासारखी दबते आणि बोट उचललं की परत वर येते. तिने माझं बोट धरून ते माझ्याच कोपरावर ठेवलं. इतकी वर्षं हा हात माझ्याबरोबर हिंडतोय, पण आत हे असं काही दबतंय-उठतंय याचा मला पत्ता नव्हता.

कोपराच्या या खळगीत वापरण्याजोग्या मुख्य शिरा तीन. अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी सेफॅलिक, करंगळीच्या बाजूची बॅसिलिक, आणि या दोघींना तिरपी जोडणारी मिडियन क्युबिटल. यातली तिरपी ती पहिल्या पसंतीची. ती बहुतेकांत ठसठशीत असते, फारशी सरकत नाही, आणि तिच्याखाली दंडाच्या स्नायूपासून निघालेला एक चिवट पडदा असतो. त्या पडद्याखाली मोठी धमनी आणि हाताची महत्त्वाची नस. म्हणजे निसर्गाने शीर वर ठेवली, जपायच्या वस्तू खाली ठेवल्या आणि मध्ये झाकण घातलं. करंगळीकडची बॅसिलिक दिसायला भरगच्च, पण तिथे धमनी आणि मज्जातंतू फारच जवळ, त्यामुळे तिच्या वाटेला शेवटी जायचं. जाडजूड माणसाची कधी कधी अंगठ्याकडचीच हाताला लागते. आत्याआजींची तशीच निघाली म्हणे. ती सापडल्यावर त्यांनी जिलबी पुन्हा मागवली.

आपण मात्र निळं दिसेल त्याला शीर समजतो. "ही बघा की, केवढी निळी दिसतेय!" असं म्हणत मनगटावरची किंवा हाताच्या पाठीवरची एखादी रेघ दाखवतो. ती रेघ कातडीलगत असते म्हणून दिसते, पण पुष्कळदा ती इतकी बारीक आणि नाजूक असते की सुई लागताच मिटते. शिवाय ती निळी नसतेच. शिरेतलं रक्त काळपट लाल, पिकलेल्या जांभळाच्या रंगाकडे झुकणारं. कातडीतून जाणाऱ्या-येणाऱ्या उजेडाची ती करामत आहे.

धमनीतून रक्त का काढत नाहीत, हाही प्रश्न मी विचारून घेतला. धमनीत हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा जोर असतो. आपण रक्तदाब १२० सांगतो तो तिचाच. कोपराच्या शिरेत त्याच मापाने दाब दहाच्याही आतबाहेर. धमनीची भिंत जाड, ती खोल असते, टोचली तर जास्त दुखते आणि लवकर थांबत नाही. अतिदक्षता विभागात प्राणवायूचं प्रमाण बघायला मनगटाच्या धमनीतून रक्त घेतात, पण ते वेगळं काम. साखर आणि कोलेस्टेरॉलसाठी शीर बरी. शिवाय शरीरातलं जवळजवळ दोन तृतीयांश रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्येच असतं. माल जिथे साठलाय तिथूनच उचलायचा.

आता त्या पट्ट्याची गंमत. तो फार सैल बांधला तर उपयोग नाही, आणि फार घट्ट बांधला तरी नाही. शिरेतून परत जाणारं रक्त अडलं पाहिजे, पण धमनीतून हातात येणारं चालू राहिलं पाहिजे. मनगटाचा ठोका लागतोय इतपतच आवळायचं. ही एवढीशी गोष्ट ज्या माणसाने जगाला नीट समजावून सांगितली तो विल्यम हार्वी. इंग्लंडच्या राजाचा हा वैद्य. त्याचं लॅटिन पुस्तक १६२८ साली फ्रँकफर्टला छापलं गेलं, शंभर पानांचंसुद्धा नाही. त्याआधी युरोपात दीड हजार वर्षं गेलन नावाच्या ग्रीक वैद्याचं ऐकलं जात होतं. गेलनच्या मते रक्त यकृतात अन्नापासून तयार होतं आणि अवयव ते वापरून टाकतात. हार्वीने साधा हिशोब मांडला. हृदय एका ठोक्याला थोडंसंच रक्त ढकलतं असं धरलं तरी अर्ध्या तासात ते अंगातल्या एकूण रक्ताहून जास्त भरतं. एवढं रक्त बनवायला माणसाला किती जेवावं लागेल! तेव्हा तेच रक्त फिरून फिरून येत असलं पाहिजे. आपले आजचे आकडे घ्या. ठोक्याला साधारण सत्तर मिली, मिनिटाला बहात्तर ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर, आणि मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं तेही जवळपास पाचच लिटर. लॅबमध्ये पट्टा एका मिनिटाहून जास्त ठेवू नये असा नियम आहे. तेवढ्यात अंगातल्या सगळ्या रक्ताची एक फेरी पुरी होते.

हार्वीचा दुसरा प्रयोग घरी करता येतो, आणि मी तो केला. लग्नानंतर कपाटात पडून असलेला टाय काढून दंडाला बांधला. पुढच्या हातावर शिरा तटतटून वर आल्या, आणि त्यांच्यावर मध्ये मध्ये बारीक गाठी दिसायला लागल्या. त्या गाठी म्हणजे झडपा. एका गाठीच्या खाली, म्हणजे पंजाच्या बाजूला, शिरेवर बोट दाबून ठेवायचं, आणि दुसऱ्या बोटाने शिरेतलं रक्त वरच्या गाठीपलीकडे सारायचं. मधला तुकडा चक्क सपाट होतो आणि सपाटच राहतो. वरून रक्त खाली येत नाही, झडप येऊ देत नाही. दाबलेलं बोट उचललं की खालून झरकन भरतो. रक्त हृदयाकडेच जातं, उलटं येत नाही, याला याहून सोपा पुरावा नाही. मी तीच तीच शीर रिकामी करत आणि भरत बसलो होतो तेवढ्यात बायको आली. टाय, दंड आणि माझा चेहरा पाहून म्हणाली, "आता हे काय नवीन?" मी म्हटलं, "रक्ताभिसरण." ती म्हणाली, "मग ते पुरं झालं की दळण टाकून या."

या झडपा हार्वीच्या आधी त्याचे पादुआचे गुरुजी फॅब्रिशियस यांनी पाहिल्या होत्या. १६०३ साली त्यांनी त्यांच्यावर पुस्तकही काढलं. पण हातापायांत रक्त एकदम साचू नये म्हणून ही अडवणूक असावी, असं त्यांनी ठरवून टाकलं. दार समोर दिसलं, ते कुठल्या बाजूला उघडतं हे बघायचं राहिलं. गुरूंना असं होतं. हार्वीचंही एक राहिलंच. धमन्यांतलं रक्त शिरांत कुठून शिरतं ते त्याला दाखवता आलं नाही, कारण ती वाट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो १६५७ साली वारला, आणि १६६१ साली इटलीत माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचं फुप्फुस ठेवलं आणि केशवाहिन्यांचं जाळं पाहिलं. चार वर्षांनी चुकामूक झाली.

पण मला यापेक्षा जास्त लळा लागला तो सुश्रुताचा. आपला सुश्रुत रक्त काढण्यात मुरलेला होता. अर्थात त्याचं काढणं तपासणीसाठी नव्हे, दूषित रक्त बाहेर जावं म्हणून. जळवा लावण्यावर त्याचा एक अध्याय आहे आणि शिरा वेधण्यावर दुसरा. शरीरात सातशे शिरा, त्यांतल्या अठ्ठ्याण्णव कधीही वेधू नयेत, असं तो मोजून सांगतो. वेधायच्या जागेच्या चार अंगुळं वर कापड, चामडं, झाडाची साल किंवा वेल बांधायला सांगतो. आमच्या भाचीची चार बोटं तिथूनच आली की काय असं वाटावं. हाताची शीर वेधायची तर माणसाला नीट आसनावर बसवावं आणि अंगठा आत घेऊन मूठ वळायला लावावी, असंही सांगतो. म्हणजे लॅबमधली "मूठ आवळा, काका" ही आज्ञा आपण समजतो त्याहून बरीच जुनी आहे.

आणि मग सुश्रुत जे म्हणतो ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. शिरांच्या बाबतीत पुरा तरबेज असा कुणी नसतोच, कारण त्या स्वभावानेच चंचल, माशासारख्या वळतात, म्हणून जपून वेध घ्यावा, अशा अर्थाचं त्याचं सांगणं आहे. लॅबमधली मुलं आज "व्हेन रोल झाली" म्हणतात ती हीच तक्रार. सुई टेकली की शीर बाजूला सरते. त्यावर आजचा उपाय असा, की टोचायच्या जागेच्या जरा खाली डाव्या अंगठ्याने कातडी ताणून धरायची, म्हणजे शीर जागच्या जागी राहते. सुईचं तिरपं तोंड वर ठेवायचं, पंधरा ते तीस अंशांत शिरायचं, आणि आत गेल्यावर हात हलवायचा नाही.

सुश्रुताने चुकीच्या वेधाचे वीस प्रकार दिले आहेत. त्यांत शीर नीट वर न येताच वेधलेली, थरथरत वेधलेली, तिरपी लागलेली, आणि पुन्हा पुन्हा वेधलेली, अशा सगळ्या जणी आहेत. ही यादी मी भाचीला वाचून दाखवली. ती गप्प ऐकत राहिली आणि म्हणाली, "आमच्या मॅडमना यातले दहाच ठाऊक आहेत."

रक्त काढून टाकणं हा उपचार सगळ्या जगात शतकानुशतकं चालला, आणि त्याने बरे झाले त्यांच्यापेक्षा खचले ते जास्त असावेत. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरात घसा सुजून आजारी पडले, तर वैद्यांनी काही तासांत त्यांचं दोन लिटरांहून जास्त रक्त काढलं. त्याच दिवशी रात्री ते गेले. आजच्या तपासणीला लागतं दोन-तीन बल्ब मिळून आठ-दहा मिली, म्हणजे चहाचे दोन चमचे. तरी बाहेर आल्यावर शेजारच्या आजी म्हणतातच, "बाई गं, केवढं रक्त काढलं! आता आठवडाभर बीट खा." हाडांच्या आतली मज्जा दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार करून पाठवते. तसाच हिशोब केला तर त्या दोन चमच्यांतल्या पेशी म्हणजे तिचं सात-आठ तासांचं काम, आपली एक रात्रीची झोप. बिटाला दोष नाही, पण त्याला मध्ये घालायची गरज नाही.

बल्ब म्हणजे त्या रंगीत टोपणांच्या नळ्या. आपल्याला वाटतं रंग शोभेसाठी, किंवा लहान मुलांना बरं वाटावं म्हणून. जांभळ्या टोपणात ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही आणि पेशी मोजता येतात. लाल किंवा पिवळ्या टोपणात रक्त मुद्दाम गोठू देतात आणि वर राहिलेला नितळ सीरम वापरतात. फिकट निळ्यात सायट्रेट, रक्त किती वेळात गोठतं ते बघायला. तिथे नऊ भाग रक्त आणि एक भाग औषध हे प्रमाण चुकलं की आकडा खोटा, म्हणून तो बल्ब खुणेपर्यंत भरावाच लागतो. करडं टोपण साखरेचं. त्यात फ्लोराइड, कारण बाहेर काढल्यावरही रक्तातल्या पेशी साखर खात राहतात. साध्या बल्बमध्ये तासाला पाच-सात टक्के साखर अशी फस्त होते. आपल्याला चहासुद्धा मिळालेला नसतो आणि ह्या बाहेर बसून खातायत, याचं मला फार वाईट वाटलं.

हे बल्ब भरायचा क्रमही ठरलेला असतो. निळा आधी, मग लाल-पिवळा, जांभळा त्यानंतर, करडा शेवटी. जांभळ्यातल्या ईडीटीएबरोबर पोटॅशियम असतं. त्याचा लवलेश चुकून साध्या बल्बमध्ये गेला तर रिपोर्टात पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम भलतंच खाली. डॉक्टर घाबरतात, पेशंट त्याहून घाबरतो, आणि हृदयाला काहीही झालेलं नसतं. भाची हा क्रम पाढ्यासारखा म्हणते. भरल्यावर बल्ब सात-आठ वेळा सावकाश उलटासुलटा करायचा, खुळखुळवायचा नाही. जोराने हलवला की तांबड्या पेशी फुटतात. "सॅम्पल हिमोलाइझ झालंय, परत द्यावं लागेल," असा फोन येतो तो यामुळे, आणि आपण "लॅबवाल्यांना दुसऱ्यांदा पैसे हवेत" असं समजून चालतो.

मुठीचंही असंच. मूठ आवळा म्हटलं की एकदा आवळून धरायची, एवढाच अर्थ. पण आपला उत्साह दांडगा. आपण मूठ उघडझाप, उघडझाप, जणू व्यायामाच्या परीक्षेला बसलोय. शिरा थोड्या फुगतात हे खरं, पण स्नायूंतून पोटॅशियम रक्तात उतरतं आणि तोही आकडा चढतो. त्यामुळे हल्ली शिकवताना सांगतात, की मूठ हलकी मिटा आणि रक्त यायला लागलं की सैल सोडा. पट्टासुद्धा तेव्हाच सोडायचा. खरं म्हणजे शीर नीट लागली की मुठीचं काम संपलेलं असतं. हे ज्याला सांगावं तो पेशंट दुसऱ्या दिवशी दुप्पट जोराने मूठ आवळतो.

चक्कर येणाऱ्यांबद्दल मात्र मला आदर आहे. भाचीच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तालमीतला एक पैलवान आला होता. दंडावरच्या शिरा अशा, की लांबूनही दिसाव्यात. सगळ्या विद्यार्थ्यांना वाटलं, हा आपल्याला मिळावा. पट्टा बांधला, स्पिरिटचा बोळा फिरवला, सुईचं टोपण निघालं आणि पैलवान चितपट. सुईने त्याला स्पर्शही केला नव्हता. होतं असं, की भीतीने व्हेगस नावाची नस हृदयाची गती एकाएकी कमी करते, पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली उतरतं आणि मेंदूला कमी पडतं. शरीर आडवं झालं की रक्त आपोआप डोक्याकडे येतं आणि माणूस डोळे उघडून "काय झालं?" विचारतो. ताकदीशी किंवा धैर्याशी याचा काडीचा संबंध नाही. पैलवानाला आडवं ठेवूनच रक्त घेतलं आणि त्याने कुणाला सांगू नका म्हणून सगळ्यांना बजावलं. त्यामुळे ते मिरज-सांगलीत सगळ्यांना कळलं.

या दोन चमच्यांतून काय काय निघू शकतं याचं एक उदाहरण तर आपल्याच मुंबईचं आहे. १९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरने रक्तगट शोधले, पुढे त्याला नोबेल मिळालं, आणि सगळ्यांना वाटलं, ए, बी, ओ हा विषय संपला. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही रक्तं अशी आढळली, की ती कुणाशीच जुळेनात. हे संशोधन लॅन्सेट या नियतकालिकात आलं, आणि त्या रक्तगटाला जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. शहराचं नाव बदललं, रक्ताचं बदललं नाही. सर्वसाधारण तपासणीत हा गट 'ओ' सारखाच दिसतो, पण 'ओ' गटाचं रक्त अशा माणसाला दिलं तर जिवावर बेतू शकतं. त्याला फक्त त्याच गटाचं चालतं, आणि असा माणूस आपल्याकडे दहा हजारांत एखादा. म्हणून रक्त देण्याआधी नुसता गट बघून भागत नाही, दोन्ही रक्तं प्रत्यक्ष जुळवून बघतात. रक्तपेढीत "गट तर सांगितलाय, मग एवढा वेळ का?" असं तावातावाने विचारणाऱ्या नातेवाइकांना कुणीतरी हे सांगायला हवं.

सुया आता बारीक झाल्या आहेत. एकवीस, बावीस, तेवीस असे क्रमांक असतात, आणि क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. हे न कळल्यामुळे "मला छोट्या नंबरची लावा" असं अजीजीने सांगणारे लोक आहेत, आणि भाची म्हणते, ते ऐकताना चेहरा सरळ ठेवणं हा अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड भाग. लहान मुलं आणि आत्याआजींसारख्यांसाठी दोन पंखांची, बारीक नळीची सुई असते. तिच्या पारदर्शक नळीत रक्ताचा पहिला लाल ठिपका उमटतो तो क्षण सुई धरणाऱ्याच्या आयुष्यातला फार मोठा. पेशंट त्या वेळी पंख्याकडे बघत असतो, म्हणून तो त्याला दिसत नाही. सुई शिरताना स्पिरिट वाळलेलं नसेल तर जास्त चुरचुरतं, त्यामुळे बोळा फिरवल्यावर अर्धा मिनिट थांबलेली मुलगी वेळकाढूपणा करत नसते, हेही लक्षात असू द्यावं.

रक्त काढून झालं की आपण सगळे एक गोष्ट न चुकता करतो. कापसाचा बोळा खळगीत ठेवून हात कोपरात दुमडतो आणि तसाच छातीशी धरून बाहेर येतो. सिनेमात जखमी नायक येतो तसे. सगळ्या लॅबच्या बाहेर असे दुमडलेल्या हातांचे लोक चप्पल शोधताना दिसतात. दुमडल्याने रक्त थांबतं असं आपल्याला कुणी शिकवलं कोण जाणे. उलट त्याने शिरेवरचा दाब नीट बसत नाही, रक्त कातडीखाली झिरपतं, आणि दुसऱ्या दिवशी तिथे रुपयाएवढा काळानिळा डाग उठतो. मग आपण तो डाग सगळ्यांना दाखवत सुटतो आणि लॅब बदलतो.

तेव्हा वाचकहो, एवढंच सांगायचं. हात सरळ ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी बोळा दोन-तीन मिनिटं दाबून धरा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आणखी थोडा वेळ. त्या हाताने लगेच भाजीची पिशवी उचलू नका. जाण्याआधी दोन पेले पाणी प्या. भोवळ येत असेल तर लाज न धरता आधीच सांगा, आडवं झोपवून घेतात. आणि मागच्या वेळी कुठल्या हाताची शीर सापडली होती ते आठवत असेल तर तोच हात आधी पुढे करा, कारण हे विचारायला नवीन मुलांना संकोच वाटतो.